आमच्या मुक्तीच्या तसबिरीत आम्ही कुठे आहोत?

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावच्या विहारात आम्ही रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. भिंतीवर तीच तसबीर आहे, जी तुमच्याही घरात असेल : बाबासाहेब संविधान डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हाती सुपूर्द करत आहेत. पाचवीतली एक मुलगी बराच वेळ तिच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "दादा, ते मिशीवाले आजोबा बाबासाहेबांना पुस्तक देऊन राहिले ना?"

सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि तिला नीट समजावून सांगितलं. पण खरं बोलायचं तर ती पोरगी फारशी चुकली नव्हती. चित्रात पुस्तकाला दोघांचेही हात लागलेले आहेत. कोण देतो आणि कोण घेतो हे चित्र सांगत नाही, घरातली मोठी माणसं सांगतात. ती सांगायची थांबली की उरतं एवढंच : दोन मोठी माणसं, मधे एक पुस्तक, आणि चौकटीबाहेर उभे आपण.

त्याच आठवड्यात विहार समितीची बैठक झाली. २६ नोव्हेंबरला हेच चित्र मोठ्या फ्लेक्सवर छापायचं आणि कोपऱ्यांत तालुक्यातल्या पाच-सहा पुढाऱ्यांचे गोल फोटो टाकायचे, असं ठरत होतं. वर्गणी कोणी दिली होती? विड्या वळणाऱ्या आणि रोवणीला जाणाऱ्या बायांनी. दहा-दहा, वीस-वीस रुपये. फ्लेक्सवर त्यांचा चेहरा तर नव्हताच, नावही नव्हतं. आम्ही विरोध केला तेव्हा एक कार्यकर्ता मित्र चिडून म्हणाला, "फोटोवर काय भांडता? अत्याचारावर बोला ना!"

हा लेख म्हणजे त्या मित्राला दिलेलं उत्तर आहे.

मित्रा, फोटोवरचं भांडण आपल्याला नवीन नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या आज्या-आजोबांनी घरात पहिलं काम काय केलं? भिंतीवरचे, देव्हाऱ्यातले देव उतरवले. त्यांच्या जागी बुद्ध आणि बाबासाहेब आले. घरात धान्य नव्हतं, छपराला कौलं नव्हती, पण भिंतीवर कोण असावं हे त्यांनी स्वतः ठरवलं. आजही दीक्षाभूमीवर गेलेला माणूस एक पुस्तक आणि एक तसबीर घेतल्याशिवाय परतत नाही. तेव्हा त्या तसबिरीत काय दाखवलं आहे आणि काय गाळलं आहे, हा प्रश्न फालतू नाही. आमचं म्हणणं सरळ आहे. गुलामगिरी मोडणाऱ्या निर्णयाचं चित्र काढताना, ज्यांनी तो निर्णय खेचून आणला त्यांनाच बाहेर ठेवलं, तर बघणाऱ्याच्या मनात तो निर्णय हक्क म्हणून राहत नाही. त्याचं दान होतं. आणि दान देणारा उद्या हात आखडू शकतो.

हे जगात आधी घडलेलं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्याग केला होता. नीट लक्ष द्या. फुल्यांनी पुस्तक लिंकनला अर्पण केलं नाही, लोकांना केलं. आणि त्या अर्पणपत्रिकेचं तोंड अमेरिकेकडे असलं तरी बोट पुण्याकडे होतं : त्यांनी केलं, तुम्ही शूद्रातिशूद्रांसाठी कधी करणार? पण ज्या काळात फुले हे लिहीत होते, त्याच काळात अमेरिकेतल्या घरांच्या भिंतींवर वेगळीच गोष्ट टांगली जात होती.

फ्रान्सिस कार्पेंटर नावाच्या चित्रकाराने १८६४ साली एक भलंमोठं चित्र काढलं. २२ जुलै १८६२ चा प्रसंग : लिंकन आपल्या मंत्र्यांना गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा वाचून दाखवत आहेत. हे चित्र काढण्यासाठी कार्पेंटर सुमारे सहा महिने राष्ट्राध्यक्षांच्या निवासात ये-जा करत होता. १८६६ मध्ये रिची नावाच्या कारागिराने त्याचा ठसा कोरला, छापील प्रती निघाल्या आणि घराघरात गेल्या. चित्रात माणसं आठ. लिंकन आणि सात मंत्री. काळा माणूस एकही नाही. ज्या युद्धाने तो जाहीरनामा खरा केला त्यात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले. मळे सोडून पळालेल्या हजारो गुलामांनी मालकांची सत्ता आतून पोखरली. पण भिंतीवर मात्र टेबलाभोवती जमलेले आठ गोरे पुरुष.

त्याहून कडू गोष्ट पुतळ्याची आहे. लिंकनच्या खुनानंतर शार्लट स्कॉट या नुकत्याच मुक्त झालेल्या बाईने स्मारकासाठी आपल्या कमाईतले पाच डॉलर दिले. मग इतर मुक्त गुलामांनी वर्गणी भरली. पुतळ्याचा पैसा त्यांचा. आराखडा मात्र गोऱ्यांच्या समितीने ठरवला. १८७६ साली वॉशिंग्टनमध्ये पुतळा उभा राहिला : लिंकन ताठ उभा, हात पुढे केलेला, आणि त्याच्या पायाशी गुडघ्यावर एक काळा माणूस. अनावरणाला फ्रेडरिक डग्लस बोलले. ते स्वतः गुलामीतून पळून आलेले. पुढच्या काही दिवसांत त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून सांगितलं की, मरण्याआधी आपल्याला गुडघ्यावरचा नाही, पायांवर उभा असलेला काळा माणूस स्मारकात बघायचा आहे. याच पुतळ्याची बॉस्टनमधली प्रतिकृती डिसेंबर २०२० मध्ये, लोकांनी मागणी केल्यावर, हटवावी लागली. एक चूक दुरुस्त व्हायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

पण त्या लोकांनी दुसरंही काही केलं आणि ते आपण शिकण्यासारखं आहे. १८७० मध्ये काळ्या पुरुषांना मताचा हक्क देणारी पंधरावी घटनादुरुस्ती झाली. त्या आनंदाची जी छापील चित्रं निघाली, त्यातल्या एका गाजलेल्या चित्रात मधोमध मिरवणूक आहे आणि भोवती छोट्या छोट्या चौकटी. एका चौकटीत शाळा, एकीत लग्न, एकीत मतपेटी. माणसं काळी आणि स्वतःच्या पायांवर उभी. त्याच वर्षी हायरम रेव्हल्स हे पहिले काळे सिनेटर झाले आणि त्यांची रंगीत छापील तसबीर बाजारात आली, तेव्हा डग्लस यांनी प्रकाशकाला लिहिलं : आजवर आमच्या घरांच्या भिंती उघड्या होत्या, कारण चित्रं गुलामीसोबत येत नाहीत, स्वातंत्र्यासोबत येतात. आणि आजवर आम्हाला माकडासारखं रंगवलं गेलं. हे चित्र आम्हाला माणसासारखं दाखवतं, म्हणून ते घरोघरी हवं.

आता आपल्या भिंतीकडे या.

आपली परिस्थिती एका बाबतीत त्यांच्याहून वेगळी आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. आपल्या मुक्तीचा मसुदा लिहिणारा माणूस आपल्यातला होता. तो कुणाच्या पायाशी बसलेला नव्हता. त्यामुळे बाबासाहेबांची तसबीर ही लिंकनची तसबीर नाही. हे मान्य करूनच पुढचं बोलतो.

अस्पृश्यता संपवणारं कलम संविधान सभेत कधी मंजूर झालं? आमच्या वर्गातल्या दहावी-बारावीच्या मुलांना विचारलं. कुणी २६ जानेवारी म्हणालं, कुणी १४ एप्रिल. ती तारीख आहे २९ नोव्हेंबर १९४८. त्या दिवशी संविधान सभेत मसुद्यातलं ११ वं कलम, म्हणजे आजचं १७ वं कलम, मंजूर झालं. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे आणि ती पाळणं हा गुन्हा आहे. त्या चर्चेत दाक्षायणी वेलायुधन बोलल्या, संविधान सभेतली एकमेव दलित स्त्री. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेब समोर बसले होते. कलम मंजूर झालं आणि सभागृहात घोषणा झाली. कुणाच्या नावाची? "महात्मा गांधी की जय!"

गांधीजींच्या खुनाला तेव्हा दहा महिने झाले होते. सभासदांच्या भावना आम्ही समजू शकतो. पण इतिहासाचं चित्र कसं बदलतं ते बघा. महाडला ज्यांची डोकी फुटली ते त्या घोषणेत नाहीत, काळाराम मंदिराच्या दारात ज्यांनी लाठ्या खाल्ल्या ते नाहीत, आणि मसुदा समितीचा अध्यक्ष समोर बसलेला असूनही नाही. ही आपली कार्पेंटरची चौकट आहे. आणि आपण काय केलं? त्या प्रसंगाचं स्वतःचं एक चित्रही काढलं नाही. आमच्या पाहण्यात २९ नोव्हेंबर १९४८ ची एकही तसबीर नाही. ना स्टॉलवर, ना कॅलेंडरवर, ना विहारात.

बाकीचे निर्णयही असेच गायब आहेत. चवदार तळ्याचं चित्र आपल्याकडे आहे, पण त्यात बहुतेक वेळा ओंजळ एकाच माणसाची दिसते. खरी गोष्ट काय? सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ लाच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागदावर गुलामगिरी संपली होती. पाणी मात्र कुणी प्यालं नव्हतं. २० मार्च १९२७ ला हजारो माणसं बाबासाहेबांबरोबर चालत गेली तेव्हा तो ठराव जिवंत झाला. नंतर नगरपालिकेने तो मागे घेतला आणि शेवटी १९३७ मध्ये उच्च न्यायालयातून निकाल आला. म्हणजे निर्णय घेणारे हात आणि निर्णय खरा करणारे पाय, दोन्ही लागतात. आपली चित्रं फक्त हात दाखवतात.

सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो कुळं कोकणातून येऊन मुंबईच्या विधिमंडळावर धडकली. महार, कुणबी, मराठा एका मोर्च्यात. या मोर्च्याचं कॅलेंडर कुणी पाहिलं आहे?

आणि आमच्या विड्या वळणाऱ्या मावश्यांनो, हे खास तुमच्यासाठी. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद झाली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, एकाहून अधिक बायका करण्याला विरोध केला. गिरण्यांत आणि विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायांना पगारी रजा आणि दुखापतीची भरपाई मिळावी, असा ठराव केला. ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी! उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून ही माणसं कागदावर आणली. भिंतीवर आणायचं काम आपलं होतं. ते आपण केलं नाही. भंडाऱ्यात घरोघर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला माहीतच नाही की तिच्या रजेचा ठराव तिच्यासारखीनेच मांडला होता.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. एक ज्येष्ठ कार्यकर्ते आम्हाला म्हणाले, "अरे, इकडे संविधान बी. एन. राव यांनी लिहिलं म्हणून रोज प्रचार चालला आहे. बाबासाहेबांचं श्रेय पुसायला सगळे टपले आहेत. अशा वेळी तुम्ही बाबासाहेबांच्या चित्रात गर्दी करता?"

होय, करतो. आणि तो प्रचार हाणून पाडायलाच करतो.

मसुदा समितीत सात जण नेमले होते, पण प्रत्यक्षात सगळं ओझं आंबेडकरांवर पडलं, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ ला सभागृहात सांगितलं आहे. तो पुरावा आहे आणि तो पुसता येत नाही. पण बाबासाहेबांनी स्वतः काय केलं? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बी. एन. राव यांचं श्रेय दिलं, एस. एन. मुखर्जींचं दिलं, कचेरीत राबलेल्या लोकांचंही दिलं. श्रेय वाटल्याने ते लहान झाले नाहीत. आणि त्याच भाषणात त्यांनी बजावलं की राजकारणातली भक्ती हा हुकूमशाहीकडे जाणारा रस्ता आहे.

विचार करा. आपले हक्क एका पुस्तकात आणि एका हातात आहेत, असं आपणच चित्र रंगवलं, तर शत्रूचं काम सोपं होतं. तो हात दुसऱ्याचा होता, एवढं म्हटलं की झालं. पण भिंतीवर महाडची गर्दी असेल, विधिमंडळावरचा मोर्चा असेल, नागपूरच्या हजारो बाया असतील, तर बी. एन. राव यांचं नाव घेऊन काय पुसणार? मसुदा कुणाच्या टेबलावर टाइप झाला यावर वाद घालता येतो. माणसं चालत गेली यावर वाद घालता येत नाही. बाबासाहेबांची उंची त्या माणसांनी कमी होत नाही. ते कुणाचे नेते होते, हे त्या माणसांमुळेच कळतं.

आता अत्याचाराबद्दल. मित्रा, तू म्हणालास अत्याचारावर बोला. बोलतो. २९ सप्टेंबर २००६ ला आपल्याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात, खैरलांजी घडलं. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, पण ॲट्रॉसिटी कायद्याखाली नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानेही हा सूडाचाच प्रकार मानला, जातीचा नाही. १७ वं कलम होतं, ॲट्रॉसिटीचा कायदा होता, आणि जात न्यायालयात सिद्धच झाली नाही. सुपूर्द करण्याचं चित्र आपल्याला सांगतं की काम झालं, पुस्तक पोचलं. खैरलांजी सांगते की पुस्तक पोचलं, पण मोहाडीपर्यंत नाही. ज्या पिढीने भिंतीवर फक्त समारंभ बघितला, तिला पोलीस ठाण्यात एफआयआरमध्ये ॲट्रॉसिटीचं कलम लागलं की नाही हे तपासायची सवय लागत नाही. चित्र आणि अत्याचार यांचा संबंध हा असा आहे.

आणि आपल्या जिल्ह्याचं स्वतःचं एक चित्र आहे. ते टांगायला हिंमत लागते. १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. दोन जागांचा मतदारसंघ, एक सर्वसाधारण, एक राखीव. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब हरले आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले. संविधान लागू होऊन चार वर्षं झाली होती. ज्या हातांनी पुस्तक सुपूर्द केलं, ते हात आमच्या जिल्ह्याने रिकामे परत पाठवले. का? कारण जागा राखीव असली तरी मतदार सगळे. आपला प्रतिनिधी कोण हे आपण एकट्याने ठरवायचं नाही. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार त्यांच्यावर का लादला गेला होता, ते भंडाऱ्याच्या मतपेटीने दाखवून दिलं. ही पराभवाची तसबीर एखाद्या पोराने रोज बघितली, तर राखीव मतदारसंघातून निवडून येणारा माणूस कुणाचा असतो, हे त्याला वेगळं शिकवावं लागणार नाही.

मग चित्र कसं असावं? परदेशात शोधायची गरज नाही. पवनीला जा. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये स्तूपाचं उत्खनन झालं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या दगडी कठड्यांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. सांचीला तर अशी शेकडो नावं आहेत, त्यात भिक्खुणी आहेत, गृहिणी आहेत. स्तूप कोणी उभा केला? राजाने, असं तो दगड म्हणत नाही. ज्यांनी आपला वाटा दिला त्यांची नावं तो सांगतो. आपल्या परंपरेत वर्गणी देणाऱ्याचं नाव दगडावर होतं. आज फ्लेक्सवर पुढाऱ्याचं आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आपल्या गावातल्या, कॉलेजातल्या चित्र काढणाऱ्या पोरा-पोरींनी एक तसबीर तयार करावी. मधे २९ नोव्हेंबर १९४८ चं सभागृह, बाबासाहेब आणि बोलायला उभ्या राहिलेल्या दाक्षायणी वेलायुधन. भोवती चौकटी : महाड १९२७, विधिमंडळावरचा मोर्चा १९३८, नागपूर १९४२, भंडारा १९५४. एक चौकट खैरलांजीची, कारण गोष्ट संपलेली नाही. प्रत्येकीखाली तारीख. आणि खालच्या पट्टीवर वर्गणी देणाऱ्यांची नावं. पुढाऱ्यांचे गोल फोटो नकोत. सुपूर्द करण्याची जुनी तसबीर काढू नका. तिच्या शेजारी ही लावा.

मागच्या वर्षी समितीत आमचं चाललं नाही. फ्लेक्स पुढाऱ्यांसकट लागला आणि पहिल्या वाऱ्यात फाटला. यंदा आम्ही वही वेगळी उघडली आहे. पहिलं नाव विड्या वळणाऱ्या एका मावशीचं आहे, रुपये वीस. तिने एकच अट घातली : "नाव नीट वाचता आलं पायजे."

तुमच्या विहारातली वही तुम्ही उघडा. २६ नोव्हेंबरनंतर तीन दिवसांनी २९ येते. तो दिवस यंदा रिकामा जाऊ देऊ नका.

जय भीम!